विश्रांतीतील हृदय आणि चढावरील हृदय

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या प्रसंगी प्रशासनाच्या वतीने जे निवेदन केले जाते, त्यात खाटांची संख्या, बाह्यरुग्ण विभागातील नोंदी, शस्त्रक्रिया, निर्धन रुग्ण निधीचा विनियोग आणि जमाखर्च यांचा परामर्श घेण्याची प्रथा आहे. ते सर्व आकडे यंदाही अहवालाच्या परिशिष्टांत दिलेले आहेत. लेखापरीक्षकांनी त्यांवर सही केली आहे, आणि जे आपण स्वस्थपणे घरी वाचू शकता ते येथे वाचून दाखवून आपला वेळ घेणे उचित नव्हे. त्याऐवजी हृदयरोग विभागात यंदा दाखल झालेल्या एका साधनाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे. ते साधन म्हणजे एक सायकल होय. तिला चाके नाहीत आणि ती जागची हलत नाही. एका बाजूस कलणाऱ्या पलंगावर रुग्णास अर्धवट निजवून पायांनी तिचे पॅडल मारावयाचे असतात आणि पॅडल मारणे चालू असतानाच त्याच्या हृदयाची टू-डी इको तपासणी करावयाची असते. हे साधन आपल्याच देणग्यांतून आले. मात्र ते एक वर्ष उशिरा आले, आणि त्या उशिराचा हिशेबही आम्ही आपणांस देणे लागतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हे. पुढे जे सांगणार आहोत ते आमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून प्रश्न विचारविचारून समजून घेतलेले आहे. समजावून सांगण्यात त्यांनी दाखविलेल्या सहनशीलतेबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पुरंदर तालुक्यातील एका गावच्या ३४ वर्षांच्या भगिनीपासून प्रारंभ करितो. तिच्या कुटुंबाच्या संमतीने हे सांगत आहोत, नाव सांगणार नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा हडपसरपासून दिंडीबरोबर चालत जाण्याचा या भगिनीचा नेम होता. गेल्या वर्षीच्या आषाढी वारीत सपाट रस्ता तिने सर्वांबरोबर पार केला. दिवे घाट लागला आणि पहिल्या वळणावर ती खाली बसली. मैत्रिणींनी तिला सामानाच्या ट्रकमध्ये बसविले. त्यापूर्वी काही महिने विहिरीवरून पाणी आणताना, भावाच्या माडीचा जिना चढताना धाप लागत होती. परंतु ते तिने कोणास सांगितले नव्हते.

ती आमच्याकडे आली. तिची तपासणी रीतसर झाली. नाडी, रक्तदाब, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको, सर्व काही. इको तपासणीत हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप किंचित जाड व थोडी अरुंद दिसली. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजून ताप येतो, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, त्याची ती खूण होती. परंतु अरुंदपणा बेताचा होता आणि फुप्फुसाच्या धमनीतील दाब जवळजवळ नेहमीइतका होता. एवढ्याने इतकी धाप लागू नये, असे मत पडले. रक्तातील हिमोग्लोबिन थोडे कमी होते, म्हणून लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या. मार्गशीर्षात ती पुन्हा आली. या वेळी तिला ट्रेडमिलवर चालविले. चार मिनिटांत धापेमुळे ती थांबली. ईसीजीत दोष आढळला नाही. कागदावर आले की हृदयाच्या स्नायूस रक्तपुरवठा कमी पडत असल्याचा पुरावा नाही. हे विधान खरे होते, पण तिचा प्रश्न तो नव्हता. केसपेपरच्या शेवटच्या ओळीत लिहिले गेले, 'चिंतेमुळे असावे. धीर दिला.'

तिचे यजमान त्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी आमच्यापुढे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, कागद तर समदे चांगले हायेत. मग घरी सांगायचं काय?" त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला नाही. पुढे कळला तो असा की, आमचा निर्दोष अहवाल हा त्या घरात तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला होता. मोठ्या दवाखान्याने काही नाही म्हटले, म्हणजे काम टाळण्यासाठीच धाप लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता आमच्या बाजूचा कागद. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हृदयरोग विभागाने या सायकलीची मागणी नोंदविली होती. आम्ही ती ओळ तांबड्या शाईने खोडली आणि समासात शेरा लिहिला, 'ट्रेडमिल उपलब्ध आहे. चैन टाळावी.' पौषात विभागाचे डॉक्टर आमच्या खोलीत आले आणि या भगिनीचा केसपेपर व आमच्या शेऱ्याचे पान त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शेरा आमच्याच हस्ताक्षरातील होता. तो कोणी दुसऱ्याने लिहिला असे म्हणण्यास वाव नव्हता.

त्या दुपारी आम्ही प्रथमच नीट विचारले, की ट्रेडमिल असताना सायकल का हवी? आज येथे बसलेल्या काही विश्वस्तांनीही नंतर हाच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता.

उत्तर समजण्यासाठी फुप्फुसांतील रक्ताभिसरणाची घडण ध्यानात घ्यावी लागते. हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस येते आणि डावी बाजू ते सर्व शरीरास पुरविते. दोन्ही बाजूंतून दर मिनिटास सारखेच रक्त जाते, स्वस्थ बसलेल्या माणसात साधारण ५ लिटर. पण दाबात जमीन-अस्मानाचा फरक. दंडावर पट्टा बांधून आपण जो मोजतो तो शरीरातील रक्तदाब सरासरीने ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. फुप्फुसाच्या धमनीत मात्र विश्रांतीच्या वेळी सरासरी दाब १४ च्या जवळपास. एवढ्या अल्प दाबावर काम चालत असल्यामुळे उजव्या जवनिकेची भिंत पातळ असते.

माणूस चढ चढू लागला की प्रवाह ५ लिटरांवरून तिप्पट होऊ शकतो, तरुण व कसलेल्या माणसात त्याहूनही अधिक. तरीही निरोगी फुप्फुसांत दाब त्या मानाने फारसा वाढत नाही. कारण विश्रांतीत मिटून असलेल्या असंख्य सूक्ष्म रक्तवाहिन्या उघडतात आणि उघड्या असलेल्या रुंदावतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा त्या संस्थेचा राखीव निधी होय. रोग येतो तो प्रथम हा राखीव निधी खातो. रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजोत, त्यांच्या भिंती जाड होवोत, वर्षानुवर्षे चुलीच्या वा विडीच्या धुराने फुप्फुसांचा नाश होवो, किंवा पुढची झडप अरुंद झाल्याने रक्त मागे तुंबो. विश्रांतीच्या वेळचा दाब बराच काळ नेहमीच्या मर्यादेत राहतो. तो वाढलेला दिसतो तेव्हा निधीचा मोठा भाग संपलेला असतो.

ताळेबंद हा ३१ मार्च या एका दिवसाचे चित्र असतो, हे येथील व्यापारी मंडळींस सांगावयास नको. त्या दिवशी शिल्लक चांगली दिसणारे दुकान दिवाळीच्या मालाच्या वेळी उधारीवर येते. विश्रांतीतील इको तपासणी ही ३१ मार्चची तपासणी आहे. ती खोटी नसते. दिवाळीत काय होईल हे तिला विचारलेलेच नसते, एवढेच.

या भगिनीच्या झडपेचे उदाहरण घेऊ. एखाद्या टोलनाक्याच्या चार खिडक्यांपैकी दोन मध्यरात्री बंद असल्या तरी रांग लागत नाही. रविवारी सायंकाळी त्याच दोन खिडक्या उघड्या असतील तर मैलभर वाहने तुंबतात. अरुंद झडपेचे असेच असते. त्यात आणखी एक अडचण असते. मायट्रल झडपेतून रक्त पुढे जाते ते हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या काळात. श्रमाने ठोके जलद झाले की हा विसावाच आखूड होतो. वाहने वाढली आणि खिडकी उघडी राहण्याचा वेळही घटला. मग डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते, तेथून फुप्फुसांत, आणि शेवटी भार पडतो तो पातळ भिंतीच्या उजव्या बाजूवर. दिवे घाटात पालखीच्या रथास जादा बैलजोड्या जोडतात. उजव्या जवनिकेस जादा बैलजोडी मिळत नाही.

म्हणून श्रम चालू असतानाच पाहावयास हवे. ट्रेडमिलवर हे जमत नाही. चालणाऱ्या माणसाच्या छातीवर प्रोब स्थिर धरता येत नाही. त्याला खाली उतरवून डाव्या कुशीवर निजवावे लागते, आणि त्या एक-दोन मिनिटांतच ठोके उतरू लागतात, दाबही उतरतो. चोर पळून गेल्यावर दिवा लावण्यासारखे ते होते. अर्धवट निजून चालवावयाच्या सायकलीवर छाती बरीच स्थिर राहते, पलंग डावीकडे कलतो, त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घेता येते. साधारणतः २५ वॅट भारापासून आरंभ करून दर दोन-तीन मिनिटांनी तो वाढवितात. रुग्ण अशक्त असल्यास १० वॅटपासूनच.

दाब बाहेरून कसा मोजतात, याचे आम्हांस विशेष कुतूहल होते. उजव्या बाजूच्या झडपेतून पुष्कळ माणसांत थोडे रक्त मागे झिरपते. त्या झिरपणाऱ्या धारेचा वेग ध्वनिलहरींनी मोजता येतो. वेगाचा वर्ग करून त्यास चारने गुणले की दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. वेग सेकंदास अडीच मीटर असेल तर २५, चार मीटर झाला तर ६४. त्यात उजव्या कर्णिकेतील दाबाचा अंदाज मिळवावयाचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील यॉक आणि पॉप या डॉक्टरांनी १९८४ मध्ये या रीतीचे मोजमाप नळी घालून केलेल्या मोजमापाशी ताडून दाखविले. एका साध्या गुणाकारावर एवढी मोठी गोष्ट उभी आहे, हे पाहून आमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसास समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्यापूर्वी एकच मार्ग होता. शिरेतून नळी घालून ती हृदयापर्यंत नेणे. जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये ही नळी स्वतःच्याच दंडातून स्वतःच्या हृदयापर्यंत घातली. पुढे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी हृदय व फुप्फुसे यांच्या अभ्यासासाठी ती रूढ केली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांस मिळाले. फुप्फुसातील उच्च दाबाचे पक्के निदान आजही नळीनेच होते. इको तपासणी संशय पक्का करते किंवा दूर करते. अखेरचा निर्णय तिचा नव्हे. परंतु दम लागणाऱ्या प्रत्येक रुग्णास कॅथ लॅबमध्ये नेणे शक्य नाही आणि योग्यही नाही.

सायकल बसविल्यानंतर पहिल्या आठवड्यातच त्या भगिनीस बोलावून घेतले. विश्रांतीत आकडे पूर्वीचेच आले. ५० वॅटच्या टप्प्यावर तिची धाप सुरू झाली आणि त्याच वेळी पडद्यावर दिसले की झडपेच्या दोन बाजूंमधील सरासरी दाबाचा फरक १५ च्या पुढे गेला आहे आणि फुप्फुसाच्या धमनीतील वरचा दाब ६० च्या पुढे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी नेमक्या याच मर्यादा दिल्या होत्या. म्हणजे आपण पाहावयास हवे होते ते काय, हे त्यापूर्वीच छापून ठेवलेले होते.

डॉक्टरांनी यजमानांस आत बोलावून पडदा दाखविला. भगिनीने धाप ओसरल्यावर एकच गोष्ट विचारली, "हे कागदावर लिहून मिळंल का?" तेव्हापासून या तपासणीच्या अहवालाखाली चार ओळींचा मराठी सारांश देण्याचा नियम आम्ही केला आहे. इतर तपासण्यांस तो अद्याप लागू करता आलेला नाही, ही उणीव आहे.

पुढे नळी घालून दाबाची खातरजमा केली आणि जपानच्या कांजी इनोऊए यांनी शोधलेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुग्याच्या पद्धतीने छाती न उघडता तिची झडप रुंद करण्यात आली. तीन महिन्यांनी पुन्हा सायकलीवर तपासले. दाब अद्यापही वाढतो, पण पूर्वीइतका नाही, आणि तो वाढण्यापूर्वी ती अधिक भार ओढते. आजार संपलेला नाही. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन तिला दीर्घकाळ घ्यावे लागेल. दिवे घाट पायी चढावयाचा की नाही, याचा निर्णय डॉक्टर पुढच्या भेटीत देतील.

सर्वांच्याच तपासणीत रोग निघतो असे नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नाही. एका निवृत्त गृहस्थांस जिना चढताना दम लागत असे. सायकलीवर त्यांचा दाब वाढला, पण रक्ताचा प्रवाहही त्याच प्रमाणात भरपूर वाढला. डॉक्टरांनी त्यांस सांगितले की हे वयाला साजेसे आहे, रोज चालावे. पूर्वीच्या काळी त्याच आकड्यावरून कदाचित त्यांना रुग्ण ठरविले गेले असते. हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्यात हिशेबाचा एक उत्तम धडा आहे.

फुप्फुसातील उच्च दाब म्हणजे किती, याविषयी १९७३ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत विश्रांतीच्या वेळी सरासरी २५ ही मर्यादा सुचविली गेली. पुढे श्रमाच्या वेळी ३० ही मर्यादाही त्यास जोडली गेली. परंतु निरोगी माणसांची मोजमापे एकत्र करून पाहता असे दिसले की पन्नाशी उलटलेली अनेक निरोगी माणसेही थोड्या श्रमाने ३० ओलांडतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील कोव्हाक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,१८७ निरोगी व्यक्तींची मोजमापे होती. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथील परिषदेत श्रमाची व्याख्या वगळण्यात आली, आणि काही वर्षे श्रमातील दाब हा विषयच कडेला पडला. विश्रांतीची मर्यादा २०१८ च्या नीस परिषदेत २० वर आणण्यात आली. आणि २०२२ मध्ये युरोपातील हृदयरोग व श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी श्रमाची व्याख्या पुन्हा आणली, पण वेगळ्या रूपात. नुसता दाब पाहावयाचा नाही. प्रवाह एका लिटरने वाढला की दाब किती वाढतो ते पाहावयाचे. हे प्रमाण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर श्रमात होणारा उच्च दाब समजावयाचा.

उदाहरणादाखल, एका माणसाचा प्रवाह ५ वरून १५ लिटर झाला आणि दाब १४ वरून २९. वाढ १५, भागिले १०, म्हणजे दीड. चिंता नाही. दुसऱ्याचा प्रवाह ५ वरून ९ च झाला आणि दाब १८ वरून ३८. वाढ २०, भागिले ४, म्हणजे ५. तेथे थांबून विचार करावयास हवा. दुकानाचा खर्च वाढला एवढ्यावरून कोणी दुकान बुडाले म्हणत नाही. उलाढाल किती वाढली ते विचारतो. हे तत्त्व आम्ही चाळीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकलो. वैद्यकशास्त्राने ते नव्याने मान्य केले याचा आनंद आहे. मात्र ते मान्य करण्यासाठी नळी घालून घेतलेल्या कितीतरी मोजमापांची आवश्यकता होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जगात याही पुढचे काम झाले आहे. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनी एमआरआय यंत्राच्या बोगद्यात निजलेल्या माणसास पॅडल मारावयास लावून, श्वास न रोखता, धावत्या हृदयाची चित्रे घेतली; त्यांचे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच विद्यापीठातील २०१५ च्या अभ्यासात फुप्फुसांतील जुन्या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढून टाकलेले रुग्ण तपासले होते. विश्रांतीत त्यांचा दाब पूर्ववत झाला होता. श्रमात मात्र त्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा आणि उजव्या हृदयाचा राखीव निधी निरोगी माणसांपेक्षा कमीच होता. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे २०२१ मध्ये अशाच श्रमाच्या एमआरआयने, ज्यांचे हृदय आकुंचन चांगले पावते पण सैल नीट पडत नाही अशा रुग्णांची पारख केली गेली. असे यंत्र आम्हांस हवे, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. ते आमच्या ऐपतीबाहेरचे आहे आणि आज आमच्या रुग्णांस त्याची गरजही नाही. सांगावयाचे एवढेच की सायकलीची मागणी ही चैन नव्हती.

या तपासणीच्या मर्यादाही देणगीदारांपासून लपवून ठेवणे बरे नाही. काहींच्या झडपेतून धार पुरेशी झिरपतच नाही, तेव्हा दाब मोजता येत नाही. ज्यांची फुप्फुसे दम्याने वा धुराने फुगलेली आहेत, त्यांच्यात ध्वनिलहरी हृदयापर्यंत नीट पोहोचत नाहीत. आणि श्वास जलद झाला की चित्र पुसट होते. नेमके ज्यांस गरज अधिक, त्यांच्यातील काहींत यंत्र कमी पडते. गुडघेदुखी असलेले रुग्ण धाप लागण्यापूर्वीच पाय थांबवितात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांस, फुप्फुसात ताजी गुठळी असलेल्यांस आणि आजार अस्थिर असलेल्यांस सायकलीवर बसवीत नाहीत. तपासणी चालू असताना डॉक्टर खोलीतच हजर असतो आणि शॉक देण्याचे यंत्र हाताशी असते, हा नियम आम्ही खर्चाकडे न पाहता कायम ठेवला आहे. त्यामुळे साध्या इको तपासणीपेक्षा हिला बराच अधिक वेळ लागतो आणि दिवसाकाठी मोजकेच रुग्ण होतात. नातेवाइकांस तारखेसाठी थांबावे लागते, त्याबद्दल दिलगीर आहोत.

आता पैशाविषयी थोडेसे. सायकलीची किंमत, सोबतच्या सॉफ्टवेअरचा खर्च आणि वार्षिक देखभाल यांचा तपशील परिशिष्टात आहे. ज्या कुटुंबाने मोठा वाटा उचलला त्यांनी नाव न छापण्याची अट घातली आहे. एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगावीशी वाटते. मोठ्या यंत्रांस देणगीदार चटकन मिळतात, कारण मोठ्या यंत्रावर नावाची पाटी बसते. सायकलीवर पाटी बसविण्यास जागाच नव्हती. ती शेवटी भिंतीवरही लागली नाही. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. प्रशिक्षित तंत्रज्ञाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो, आणि ही तपासणी तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून आहे; धापा टाकणाऱ्या छातीवर दोन श्वासांमधील क्षण पकडून धार शोधणे हे शिकण्यास बराच काळ लागतो. आमच्या तंत्रज्ञ भगिनी कित्येक महिने सायंकाळी काम संपल्यावर सहकाऱ्यांनाच सायकलीवर बसवून सराव करीत होत्या. आम्हीही दोनदा बसलो. निर्धन रुग्णांसाठी ही तपासणी निर्धन रुग्ण निधीतून होते; तंत्रज्ञाच्या वेतनास मात्र वेगळी तरतूद हवी. पुढील वर्षाच्या देणग्यांतील काही भाग अशा न दिसणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवण्यास आपण संमती द्यावी, ही विनंती आहे. पावती कर-सवलतीची मिळेल. पाटी मिळणार नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांस एक विनंती. डॉक्टरांकडे येताना, दम लागतो एवढेच सांगू नये. किती पायऱ्यांवर लागतो, गेल्या वर्षी किती पायऱ्यांवर लागत होता, जेजुरीच्या गडावर बरोबरीची माणसे कोठे होती आणि आपला माणूस कोठे थांबला, थांबल्यावर किती वेळाने श्वास बसला, चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली काय, हे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आणावे. ज्याला दम लागतो तो स्वतः पुष्कळदा हे कमी करून सांगतो. बरोबरच्या माणसास ते अधिक स्पष्ट दिसलेले असते. आमच्या केसपेपरवर आता या नोंदीसाठी स्वतंत्र रकाना छापला आहे. 'चिंतेमुळे' हा शब्द लिहिण्यापूर्वी तो रकाना भरलेला असावा, असे परिपत्रक वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने काढले आहे. त्यास विभागांत थोडा विरोध झाला, तो अद्याप पुरता मावळलेला नाही.

सभेनंतर चहापानाची व्यवस्था तळमजल्यावर केली आहे. ज्यांस सायकल पाहावयाची असेल त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावरील हृदयरोग विभाग पाच वाजेपर्यंत उघडा ठेवला असून तंत्रज्ञ भगिनी तेथे उपस्थित राहतील. लिफ्ट आहे, परंतु जिन्याने येणाऱ्यांनी दम कितव्या पायरीवर लागला ते त्यांना अवश्य सांगावे.